चिमटीचं पान आणि साहेबांचा पिसारा

एक होता माळ. माळावर होता करंज. करंजाखाली दर बुधवारी भरायचा बाजार.

बाजार कसला, नुसती एक ओळ. ओळीत सगळ्यांत पुढे पिसारेसाहेब. ते मोर होते. विकायचे काहीच नाहीत. ते बाजाराचे साहेब होते, आणि साहेब काही विकत नसतात. त्यांच्या शेजारी वानरमामा, केळीवाले. त्यांच्या शेजारी कोंबडेदादा, आरसे-कंगवेवाले. त्यांच्या शेजारी शेळीमावशी, भाजीवाल्या. त्यांच्या शेजारी म्हैसकाकू, ताकवाल्या. आणि अगदी टोकाला, बाभळीच्या काटेरी कुंपणापाशी, चिमटी चिचुंद्री. मीठवाली.

चिमटी एवढीशी. तिची टोपली त्याहून एवढीशी. टोपलीत मीठ. आणि जागा? जागा पळसाच्या एका पानाएवढी. पान पसरायचं. पानावर मीठ मांडायचं. चिमूटभर मीठ द्यायचं, मूठभर दाणे घ्यायचे. दाणे मिळाले, तर पिल्लांना भाकरी. दाणे नाही मिळाले, तर पिल्लांना गोष्ट. पिल्लांना गोष्ट फार आवडायची. पण भाकरीनंतर.

दर बुधवारी पिसारेसाहेब मान उंच करायचे आणि म्हणायचे,

"आपला बाजार कसा? प्रेमाचा बाजार, शिस्तीचा बाजार."

आणि सगळे माना डोलवायचे. प्रेमानं. शिस्तीत.

या बाजाराच्या रीती होत्या. पहिली विक्री मिठाची. पहिल्या विक्रीला म्हणायचं भवानी. मिठाची भवानी झाली नाही, तर कुणी काही विकायचं नाही. केळं नाही, कंगवा नाही, ताकाचा थेंबसुद्धा नाही.

आणखी एक रीत. मीठ हातावर द्यायचं नाही. हातावर मीठ दिलं की भांडण होतं. मीठ पायाखाली येऊ द्यायचं नाही, म्हणून वाटेतही मांडायचं नाही. मिठाची जागा ओळीत, पानावर. पानावरून ज्याचं त्यानं उचलायचं.

आणि शेवटची रीत. आदल्या दिवशी यायचं, दगड ठेवायचा. दगड ठेवला की जागा आपली. चिमटीचा दगड पांढरा, गोल, बोराएवढा. मंगळवारीच तिनं तो ठेवला होता.

बुधवार उजाडला. चिमटी निघाली. डोक्यावर टोपली, बगलेत पळसाचं पान. चिमटीची शेपटी धरून पहिलं पिल्लू. पहिल्याची शेपटी धरून दुसरं. दुसऱ्याची शेपटी धरून तिसरं. तिसऱ्याची शेपटी धरून धाकटं. चिचुंद्र्या अशाच चालतात. कुणी पुढे घुसत नाही. कुणी मागे राहत नाही.

लुटूलुटू, लुटूलुटू. चिमटी बाजारात आली.

बघते तर काय? जागाच नाही.

जागेवर एक रांजण. हा एवढा मोठा. ताकानं भरलेला. डुगडुग, डुगडुग हलत होता. का हलत होता? त्याच्या बुडाखाली एक दगड होता. पांढरा, गोल, बोराएवढा.

रांजणाशेजारी म्हैसकाकू बसल्या होत्या. रवंथ करत. डोळे मिटून.

"काकू, काकू, सरका ना जरा," चिमटी म्हणाली. "तुम्ही सरकाल, तर माझं पान पसरेल. पान पसरेल, तर मीठ खपेल. मीठ खपेल, तर दाणे मिळतील. दाणे मिळतील, तर पिल्लं जेवतील."

"जेवतील," पिल्लं म्हणाली.

म्हैसकाकूंनी एक डोळा उघडला. फुर्रर्र.

"मी सरकू? मी का सरकू? माझ्या जागेत शेळीची पाटी आली, म्हणून मी इकडं आले. आधी शेळीला सांग. शेळी सरकली की मी सरकते. बाकी आपला बाजार कसा? प्रेमाचा बाजार, शिस्तीचा बाजार. आणि जरा लांबून बोल बाई. तुझा वास येतो."

शेळीची पाटी आली होती, हे खरं. पण आली होती वीतभर. आणि काकू सरकल्या होत्या हातभर. वीतभर गेली, हातभर घेतली. ते मात्र काकू बोलल्या नाहीत. त्यांनी डोळा मिटला.

चिमटी निघाली. लुटूलुटू, लुटूलुटू.

शेळीमावशी भाजी विकायच्या. म्हणजे तसं सगळे म्हणायचे. एक मेथीची जुडी मांडायच्या, एक खायच्या. एक मांडायच्या, एक खायच्या. चर्र चर्र, चर्र चर्र. ताजी आहे का ते बघावं लागतं ना.

"मावशी, मावशी, सरका ना जरा. तुम्ही सरकाल, तर म्हैसकाकू सरकतील. म्हैसकाकू सरकतील, तर माझं पान पसरेल. पान पसरेल, तर मीठ खपेल. मीठ खपेल, तर दाणे मिळतील. दाणे मिळतील, तर पिल्लं जेवतील."

"जेवतील," पिल्लं म्हणाली.

शेळीमावशींनी तोंडातली जुडी गिळली. में, में.

"मी सरकू? मी का सरकू? माझ्या जागेत कोंबड्याचे आरसे आले, म्हणून मी इकडं आले. आधी कोंबड्याला सांग. कोंबडा सरकला की मी सरकते. बाकी आपला बाजार कसा? प्रेमाचा बाजार, शिस्तीचा बाजार. आणि जरा लांबून बोल बाई. तुझ्या वासानं माझी मेथी सुकते."

मेथी सुकली नव्हती. मेथी मावशींच्या पोटात होती. आणि आरसे आले होते वीतभर. वीतभर गेली, हातभर घेतली. ते मात्र मावशी बोलल्या नाहीत. तोंड भरलेलं होतं.

चिमटी निघाली. लुटूलुटू, लुटूलुटू.

कोंबडेदादांनी आरसे मांडले होते. सगळ्या आरशांची तोंडं गिऱ्हाइकाकडे नव्हती. सगळ्या आरशांची तोंडं कोंबडेदादांकडे होती. एका आरशात तुरा बघायचे. दुसऱ्या आरशात पुन्हा तोच तुरा बघायचे. मग खूश होऊन ओरडायचे, कुकूच्कू.

"दादा, दादा, सरका ना जरा. तुम्ही सरकाल, तर शेळीमावशी सरकतील. शेळीमावशी सरकतील, तर म्हैसकाकू सरकतील. म्हैसकाकू सरकतील, तर माझं पान पसरेल. पान पसरेल, तर मीठ खपेल. मीठ खपेल, तर दाणे मिळतील. दाणे मिळतील, तर पिल्लं जेवतील."

"जेवतील," पिल्लं म्हणाली.

कोंबडेदादांनी मान वळवली नाही. ते आरशातल्या चिमटीशी बोलले.

"मी सरकू? मी का सरकू? माझ्या जागेत वानराचे घड आले, म्हणून मी इकडं आलो. आधी वानराला सांग. वानर सरकला की मी सरकतो. बाकी आपला बाजार कसा? प्रेमाचा बाजार, शिस्तीचा बाजार. आणि जरा लांबून बोल बाई. माझा आरसा धुरकट होतो."

वीतभर गेली, हातभर घेतली. ते मात्र दादा बोलले नाहीत. तुऱ्याला कंगवा लावायचा राहिला होता.

चिमटी निघाली. लुटूलुटू, लुटूलुटू. धाकटं पिल्लू दमलं. पण त्यानं शेपटी सोडली नाही.

वानरमामांच्या दुकानात केळी थोडी आणि सालं फार. मामा सालांच्या ढिगावर बसले होते. ढीग घसरायचा. मामा घसरायचे. पुन्हा चढून बसायचे. हुप, हुप.

"मामा, मामा, सरका ना जरा. तुम्ही सरकाल, तर कोंबडेदादा सरकतील. कोंबडेदादा सरकतील, तर शेळीमावशी सरकतील. शेळीमावशी सरकतील, तर म्हैसकाकू सरकतील. म्हैसकाकू सरकतील, तर माझं पान पसरेल. पान पसरेल, तर मीठ खपेल. मीठ खपेल, तर दाणे मिळतील. दाणे मिळतील, तर पिल्लं जेवतील."

"जेवतील," पिल्लं म्हणाली.

वानरमामांनी आधी पाठ खाजवली. मग इकडे बघितलं. मग तिकडे बघितलं. मग हळूच बोलले.

"मी सरकू? मी का सरकू? माझ्या जागेत पिसारेसाहेबांचा पिसारा आला, म्हणून मी इकडं आलो. आधी साहेबांना सांग. साहेबांनी पिसारा मिटला की मी सरकतो. पण मी सांगितलं म्हणून सांगू नकोस हं. बाकी आपला बाजार कसा?"

आणि मग एकदम मोठ्यानं, साहेबांना ऐकू जाईल असं,

"प्रेमाचा बाजार! शिस्तीचा बाजार!"

वीतभर गेली, हातभर घेतली. ते मात्र मामा बोलले नाहीत. ते घसरले होते.

चिमटी निघाली. लुटूलुटू, लुटूलुटू. ओळीच्या टोकाहून निघाली होती ती, आता ओळीच्या तोंडाशी आली.

तिथं पिसारेसाहेब उभे होते. पिसारा फुलवून. अर्धा पिसारा वाटेत. अर्धा पिसारा वानराच्या जागेत. गिऱ्हाईक आलं की आधी पिसारा दिसला पाहिजे. बाजार मागून दिसला तरी चालेल.

चिमटीला भीती वाटली. साहेब उंच होते. पण पिल्लं मागे होती. ती बोलली.

"साहेब, साहेब, पिसारा मिटा ना जरा. तुम्ही पिसारा मिटाल, तर वानरमामा सरकतील. वानरमामा सरकतील, तर कोंबडेदादा सरकतील. कोंबडेदादा सरकतील, तर शेळीमावशी सरकतील. शेळीमावशी सरकतील, तर म्हैसकाकू सरकतील. म्हैसकाकू सरकतील, तर माझं पान पसरेल. पान पसरेल, तर मीठ खपेल. मीठ खपेल, तर दाणे मिळतील. दाणे मिळतील, तर पिल्लं जेवतील."

"जेवतील," पिल्लं म्हणाली.

साहेबांनी इकडे बघितलं. कुणी दिसलं नाही. तिकडे बघितलं. कुणी दिसलं नाही. मग खाली बघितलं.

"अरे वा," साहेब म्हणाले. "मीठवाली. छान, छान. काही अडचण?"

चिमटीनं पुन्हा सगळं सांगितलं. पहिल्यापासून. साहेबांनी पुन्हा सगळं ऐकलं. म्हणजे कान तिकडे नव्हता, पण मान हलत होती.

"पिसारा मिटायचा?" साहेब म्हणाले. "असा कसा मिटायचा? हा स्वागताचा पिसारा आहे. बाजार उघडला की मिटतो."

"बाजार कधी उघडतो, साहेब?"

"भवानी झाली की."

"भवानी कशाची, साहेब?"

"मिठाची. एवढंही माहीत नाही?"

"मीठ कुठं मांडू, साहेब?"

"तुझ्या जागेवर. ओळीत. शिस्तीनं."

"माझी जागा कुठं आहे, साहेब?"

"ते म्हैसकाकूंना विचार," साहेब म्हणाले. आणि त्यांनी पिसारा आणखी थोडा फुलवला. थर्र थर्र.

 पिल्लं हिशोब लावू लागली.

"पान पसरेल, तर भवानी होईल," पहिलं म्हणालं.

"भवानी होईल, तर साहेब पिसारा मिटतील," दुसरं म्हणालं.

"साहेब पिसारा मिटतील, तर वानरमामा सरकतील. वानरमामा सरकतील, तर कोंबडेदादा सरकतील," तिसरं म्हणालं.

"शेळीमावशी, म्हैसकाकू, मग पान पसरेल," धाकटं म्हणालं. "पान पसरेल, तर भवानी होईल. भवानी होईल, तर..."

आणि चारी पिल्लं शेपटीला शेपटी धरून गोल गोल फिरू लागली. फिरता फिरता त्यांना चक्कर आली. ती धपाधप खाली बसली.

चिमटीला रडू आलं. आणि रागही आला. दोन्ही एकदम आलं. तिनं टोपली खाली ठेवली, टोपलीवर पान झाकलं आणि टोपलीला टेकून बसली.

"बसा रे," ती पिल्लांना म्हणाली. "आपण काही विकायचं नाही आज. बघू कोण विकतं ते."

ऊन वर आलं. गिऱ्हाइकं आली. ससे आले, साळू आली, मुंगूस आलं. सगळ्यांत पुढे कासवआजोबा. ते कालच निघाले होते, म्हणून आज वेळेवर पोहोचले. पाठीवर पिशवी होती. पिशवी रिकामी होती.

"काकू, ताक द्या," आजोबा म्हणाले.

"थांबा आजोबा, भवानी नाही झाली."

"मावशी, मेथी द्या."

"थांबा आजोबा, भवानी नाही झाली."

"दादा, कंगवा... नको, कंगवा नको मला. मामा, केळी द्या."

"थांबा आजोबा, भवानी नाही झाली."

थांबले. ऊन आणखी वर आलं. ताक आंबू लागलं. बुडबुड, बुडबुड. केळी काळी पडली. आरसे तापले, कोंबडेदादांना तुरा दिसेना, नुसता सूर्य दिसू लागला. मेथी मात्र सुकली नाही. मेथी संपली होती.

पिसारेसाहेबांचे पाय दुखू लागले. फुलवलेला पिसारा जड असतो. पण सगळ्यांसमोर मिटायचा कसा?

"भवानी का होत नाही?" साहेब ओरडले. "मीठवाली कुठं आहे? बोलवा तिला."

"मी इथंच आहे, साहेब," चिमटी म्हणाली. "तुमच्या पायापाशी."

"मग दे की मीठ. हा घे पंजा. ठेव यावर चिमूटभर. झाली भवानी."

सगळा बाजार दचकला.

"हातावर मीठ?" म्हैसकाकू म्हणाल्या. "अहो साहेब, भांडण होतं."

"हातावर मीठ?" शेळीमावशी म्हणाल्या. "प्रेमाच्या बाजारात भांडण?"

आता भांडण तर सकाळपासून चाललंच होतं. फक्त प्रेमानं चाललं होतं. शिस्तीत चाललं होतं.

"मीठ हातावर देत नाहीत, साहेब," चिमटी म्हणाली. "मीठ पानावर मांडतात. पान ओळीत पसरतात. ओळीत पानाएवढी जागा दाखवा. आत्ता मांडते."

साहेबांनी ओळ बघितली. या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. पिसारा, मग सालं, मग आरसे, मग पाटी, मग रांजण, मग काटे. पानाएवढी जागा कुठंच नाही. रांजण तेवढा हलत होता. डुगडुग, डुगडुग.

"म्हैसकाकू," साहेब कडक आवाजात म्हणाले, "सरका."

म्हैसकाकू म्हणाल्या, "शेळी सरकेल, तर मी सरकेन."

शेळीमावशी म्हणाल्या, "कोंबडा सरकेल, तर मी सरकेन."

कोंबडेदादा म्हणाले, "वानर सरकेल, तर मी सरकेन."

साहेबांनी वानरमामांकडे बघितलं. वानरमामांनी आभाळाकडे बघितलं. पाठ खाजवली. पोट खाजवलं.

"बोला मामा," साहेब म्हणाले. "तुम्ही कधी सरकणार?"

 वानरमामांनी हळूच शेपटी उचलली. शेपटीच्या टोकानं दाखवलं. कुठं? पिसाऱ्याकडे.

कोंबडेदादांनी पिसाऱ्याकडे बघितलं. शेळीमावशींनी पिसाऱ्याकडे बघितलं. म्हैसकाकूंनी दोन्ही डोळे उघडले आणि पिसाऱ्याकडे बघितलं. गिऱ्हाइकांनीही बघितलं.

साहेबांनी मागे बघितलं. त्यांनाही कुणाकडे तरी बोट दाखवायचं होतं. मागे करंज होता.

"हा करंज जर सरकला," साहेब म्हणाले, "तर मीही..."

करंज सरकला नाही. तो बाजारापेक्षा जुना होता.

इतक्यात कासवआजोबा म्हणाले, "मी जातो बाबा घरी."

आणि ते वळू लागले. कासव वळायचं म्हणजे काय सोपं काम आहे? पुढचा एक पाय उचलला. टेकवला. मागचा एक पाय उचलला. टेकवला. सशांनी ते बघितलं. तेही वळू लागले. साळूनं बघितलं. तीही वळू लागली.

"अहो आजोबा, जाऊ नका," म्हैसकाकू म्हणाल्या.

आजोबांनी आणखी एक पाय उचलला.

"साहेब," शेळीमावशी म्हणाल्या.

"साहेब," कोंबडेदादा म्हणाले.

"साहेब, मी काही म्हणत नाही," वानरमामा म्हणाले, "पण साहेब."

आजोबांचं तोंड आता कुंपणाकडे होतं. अजून एक पाय, की तोंड घराकडे. बाजार घरी गेला असता. आणि साहेब? गिऱ्हाईक नाही, तर स्वागत कुणाचं करणार? पिसारा दाखवणार कुणाला? करंजाला?

साहेबांनी डोळे मिटले. आणि डोळ्यांबरोबर पिसाराही मिटला.

सर्रर्र, फट.

आणि मग काय झालं, ऐका.

साहेबांनी पिसारा मिटला, तर वानरमामा सरकले. घसर्र.

वानरमामा सरकले, तर कोंबडेदादा सरकले. खळ्ळ खळ्ळ.

कोंबडेदादा सरकले, तर शेळीमावशी सरकल्या. चर्र चर्र.

शेळीमावशी सरकल्या, तर म्हैसकाकू सरकल्या. फुर्रर्र, धप्प.

म्हैसकाकू सरकल्या, तर रांजण सरकला. डुगडुग थांबली. खाली एक दगड दिसला. पांढरा, गोल, बोराएवढा.

दगडावर चिमटीचं पान पसरलं. सुळ्ळ.

गंमत ऐकायची? सगळे आपापल्या जागी गेले, आणि तरी ओळीत जागा उरली. इथं थोडी, तिथं थोडी. वीतभर, हातभर. म्हणजे जागा सकाळपासूनच होती. सगळ्यांना पुरेल एवढी होती. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि पटकन दुसरीकडे बघितलं.

कासवआजोबा म्हणाले, "आता पुन्हा वळायचं का?"

ते पुन्हा वळले. सगळे थांबले. कुणीही घाई केली नाही.

आजोबांनी पानावरून चिमूटभर मीठ उचललं. जिभेला लावलं. "खारट आहे," म्हणाले. "झाली भवानी."

बाजार उघडला.

आणि उघडल्याबरोबर सगळे धावले मिठाकडे. भवानीनंतर आधी मीठ घ्यायचं, मग बाकीचं. पण धावले कसे? ससा साळूवर, साळू मुंगसावर, म्हैस शेळीवर, कोंबडा सगळ्यांवर. चिमटी पानासमोर उभी राहिली. एवढीशीच होती ती. पण आज तिचं पान पसरलं होतं.

"असं नाही," ती म्हणाली. "आमच्या घरी चालतात तसं. पुढच्याची शेपटी धरायची. कुणी पुढे घुसायचं नाही. नाहीतर मी टोपली झाकते."

पिल्लांनी करून दाखवलं. पहिल्याची शेपटी दुसऱ्यानं धरली. दुसऱ्याची तिसऱ्यानं. तिसऱ्याची धाकट्यानं.

झाली रांग. कासवआजोबांनी मीठ घेतलं होतं, पण आता वळायचा कंटाळा आला, म्हणून तेच पुढे राहिले. आजोबांची शेपटी सशानं धरली. सशाची मुंगसानं. मुंगसाची साळूनं. साळूची शेपटी म्हैसकाकूंनी धरली, जरा जपून. म्हैसकाकूंची शेळीमावशींनी. शेळीमावशींची कोंबडेदादांनी. कोंबडेदादांची वानरमामांनी. एकेक जण पुढे येई, मूठभर दाणे ठेवी, चिमूटभर मीठ उचली. चिमटीच्या इतकं जवळ येई, की नाक टोपलीला लागे. आणि त्या दिवशी कुणालाच वास आला नाही.

दाण्यांचा ढीग वाढला. एवढासा झाला. मग एवढा झाला. मग पिल्लांपेक्षा उंच झाला.

पिसारेसाहेब करंजाखाली एकटे उभे होते. त्यांनी घसा खाकरला. मान उंच केली.

"पाहिलंत?" साहेब म्हणाले. "मी पिसारा मिटला, म्हणून हे सगळं झालं. आपला बाजार कसा? प्रेमाचा..."

"साहेब," चिमटी म्हणाली, "मीठ हवंय का?"

"हवंय तर."

"मग रांगेत या. सगळ्यांच्या मागे. पुढच्याची शेपटी धरा."

साहेब आले. काय करणार? मीठ सगळ्यांना लागतं. पुढे वानरमामा होते. मामांची शेपटी लांब होती, केळ्यांनी चिकट झालेली. साहेबांनी ती चोचीत धरली.

"आपला बाजार कसा, साहेब?" धाकट्या पिल्लानं विचारलं.

साहेब म्हणाले, "म्म्म्म. म्म्म्म."

चोचीत शेपटी होती ना. रांग सरकेपर्यंत साहेबांना भाषण करता आलं नाही. आणि रांग सावकाश सरकत होती. पुढे कासवआजोबा होते.

संध्याकाळी चिमटी घरी गेली. लुटूलुटू, लुटूलुटू. दाणे दळले, भाकरी झाली. पिल्लं जेवली. आणि मग, भाकरीनंतर, पिल्लांनी गोष्ट ऐकली. हीच.

मीठ झालं, दाणे झाले, पान गुंडाळून ठेवलं. आता तुम्हीही सरका पाहू जरा. धाकटं सरकेल, तर मोठं सरकेल. मोठं सरकेल, तर उशी सरकेल. उशी सरकेल, तर गोष्ट वाचणाऱ्याला डोकं टेकायला जागा मिळेल. फार नको. पळसाच्या एका पानाएवढी.